कमरेपर्यंत थंड पाणी, एक मिनिट

तपासनिसांनी शनिवारी दुपारी फक्त एवढंच ठरवलं होतं, की लेक बर्फाच्या पाण्यात उतरण्याआधी आपण एकदा उतरून बघायचं. एक मिनिट. कागदावर तसंच लिहिलं होतं. एका मिनिटात माणसाचं असं काय वाकडं होणार?

(पुढे जे झालं ते बघता, हा प्रश्न त्यांनी कुणाला मोठ्याने विचारला नाही हे बरंच झालं.)

तपासनीस हे काही त्यांचं नाव नव्हे. ते परवाना खात्यात कारकून होते आणि लोकांनी भरून आणलेले अर्ज तपासायचं काम त्यांच्याकडे होतं. अर्जाची मागची बाजू भरायची राहिली असली की अर्ज परत. सत्तावीस वर्षांत मागची बाजू कोरी असलेला एकही अर्ज त्यांच्या टेबलावरून पुढे सरकला नव्हता. पण गल्लीत त्यांना तपासनीस म्हणायचे ते यासाठी नाही. लेकीसाठी घरात आलेली प्रत्येक वस्तू ते आधी स्वतःवर तपासून बघत, यासाठी. ती तान्ही असताना तिच्या कानात घालायचे थेंब त्यांनी आधी स्वतःच्या कानात घातले होते. तिची पहिली सायकल आधी त्यांनी चालवली (तीच शेवटची फेरी, कारण सायकल चार वर्षांच्या मुलीच्या मापाची होती). तिचे खिळ्यांचे धावायचे बूट आले तेव्हा ते पायात कोंबून बैठकीच्या खोलीत तीन फेऱ्या मारल्या. जमिनीवरच्या लिनोलियमला पडलेली भोकं बायकोने अजून मोजून ठेवलीत.

याचं कारण एकच, ते भित्रे होते. स्वतःसाठी नाही, लेकीसाठी, असं त्यांचं म्हणणं. दोघांसाठीही, असं बायकोचं.

आणि या वेळी घाबरायला कारणही होतं. लेक आठशे मीटर धावायची. रविवारी सकाळी आठ वाजता निवडीची शर्यत होती. पहिल्या दोघी मोठ्या शिबिराला जाणार आणि बाकीच्या घरी. गेल्या वर्षी ती शेवटच्या वळणापर्यंत दुसरी होती. तिथे पोटरीत गोळा आला आणि ती लंगडत पाचवी आली. वयोगटातलं हे तिचं शेवटचं वर्ष. तीन दिवस पोरीच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

"बाबा, पोटरीने परत दगा दिला तर?" ती शुक्रवारी म्हणाली होती.

"काही नाही होत," तपासनीस म्हणाले. पण अशा आवाजात म्हणाले, की ती ताटावरून उठलीच.

त्याच दिवशी तिच्या सरांनी सगळ्या मुलींना एकेक कागद दिला होता. सरावानंतर थकलेले पाय मोकळे करायचा उपाय. गरम पाण्यात तीन मिनिटं, लगेच थंड पाण्यात कमरेपर्यंत एक मिनिट. असं चार वेळा. गरम पाणी चाळीस अंश, थंड पाणी बारा अंश, शेवट थंडाने. कागद हरवेल या धास्तीने तपासनिसांनी तो घरी आल्या आल्या बाथरूमशेजारच्या भिंतीवर डिंकाने चिकटवून टाकला. चारही कोपऱ्यांना डिंक आणि मध्ये एक बोट जास्तीचा.

शनिवारी दुपारी बायको शिवलेले कपडे गिऱ्हाइकांकडे पोचवायला गेली. ती शिवणकाम करायची आणि गल्लीतल्या सगळ्यांच्या कंबरा तिला तोंडपाठ होत्या. लेक मैदानावर छातीवरचा नंबर आणायला आणि पाय हलके करायला गेली. घरात तासभर कुणी नव्हतं. तपासनीस तयारीला लागले.

थंड पाण्यासाठी शेजारच्या सुतारकाकांकडून निळा प्लॅस्टिकचा ड्रम आणला होता. वरचं तोंड कापलेला, तपासनिसांच्या मांड्यांच्याही वर येणारा. बाथरूममध्ये तो एकाच जागी बसत होता, पाणी जायच्या जाळीवर. बसला एकदाचा, असं म्हणून तपासनिसांनी त्यात पाऊण ड्रम पाणी भरलं आणि बर्फाच्या दोन लाद्या फोडून टाकल्या. गरम पाण्यासाठी माळ्यावरून लेकीचा बाळपणीचा टब काढला. त्यावर दोन बदकं होती, त्यातल्या एकाचं डोकं पुसलं गेलं होतं. तो स्टुलावर ठेवून त्यात पाणी गरम करायचा रॉड सोडला. रॉडची वायर तोकडी पडली म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड आणला आणि तो दाराजवळ जमिनीवर ठेवला. विजेचं काम, म्हणून बटण नीट लागतंय ना ते त्यांनी चालू, बंद, चालू, बंद असं खात्री पटेपर्यंत करून बघितलं.

पाणी मोजायला घरात ताप बघायचा थर्मामीटर तेवढा होता. नळाचं ऊन पाणी टबात आधीच ओतलेलं होतं. थर्मामीटर एकशे चारवर गेला तसे तपासनीस सवयीने हादरले. मग हा पाण्याचा ताप आहे हे आठवून त्यांनी श्वास सोडला. बर्फाच्या पाण्यात थर्मामीटरने काही सांगायलाच नकार दिला. तेव्हा कोपर बुडवून बघितलं. कोपर नको म्हणालं, म्हणजे बारा अंश असणार.

उपाय व्यायामानंतरचा होता. तेव्हा व्यायाम हवा. तपासनीस अर्ध्या चड्डीवर जिन्याने तिसऱ्या मजल्यापर्यंत चढले आणि उतरले. पाच वेळा. पाचव्या फेरीत त्यांना दिसायचं कमी झालं, ते त्यांनी चांगलं लक्षण मानलं. मग बाथरूममध्ये शिरून आतून कडी लावली (अंगावर चड्डीच होती), रॉड बाहेर काढला, टबातल्या पाण्याचे तांबे तीन मिनिटं पायांवर ओतून घेतले, रॉड परत टबात सोडला आणि खिडकीतल्या गजराच्या घड्याळाकडे बघत, बादली पालथी घालून तिच्यावरून ड्रममध्ये उतरले.

त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो त्यांनी याआधी स्वतःचा म्हणून कधी ऐकला नव्हता.

पाणी मांड्यांपर्यंतच आलं. कागद तर म्हणत होता कमरेपर्यंत. अर्धवट भरलेलं काही चालवून घ्यायचं हे त्यांच्या रक्तातच नव्हतं. डोळे मिटून ते खाली बसले. पाणी काखांपर्यंत चढलं, कडेवरून बदाबदा सांडलं. ते मोजत राहिले, अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ. एक मिनिट झालं. आता उठायचं.

उठता येईना.

गुडघे समोरच्या बाजूला टेकले होते, पाठ मागच्या बाजूला आणि मधला सगळा माणूस त्यात गच्च बसला होता. हात कडेवर टेकून जोर लावला तर ड्रमही त्यांच्याबरोबर उचलल्यासारखा डुगडुगला. ड्रम आडवा झाला तर डोकं नळावर आपटणार. त्यांनी जोर लावणं सोडलं. आणि मग त्यांनी खाली बघितलं.

सांडलेलं पाणी जाळीतून जात नव्हतं. जाळीवर ते स्वतः बसले होते. पाणी फरशीवरून सावकाश दाराकडे निघालं होतं आणि दाराशी एक्स्टेन्शन बोर्ड होता. ड्रमपासून बोर्डापर्यंत सहा फरश्या. पाणी दुसरीवर होतं.

तपासनिसांना आता थंडी वाजायची थांबली. माणूस इतका घाबरला की थंडीला जागा उरत नाही. ड्रम प्लॅस्टिकचा, म्हणजे आपण कदाचित वाचू, त्यांनी हिशेब केला. पण लेक येईल. ती दार उघडं दिसलं की आत धावते, बंद दिसलं की ढकलते. ओल्या फरशीवर पाय पडेल. तोच पाय.

"कुणी आहे का?" ते ओरडले. ऐकायला कुणी नव्हतं. पाणी तिसऱ्या फरशीवर गेलं. त्यांनी फुंकर मारून बघितली. (घाबरलेल्या माणसाला काय सुचेल ते सांगता येत नाही.) चौथीच्या कडेला पाणी जरा थबकलं, विचार केल्यासारखं थांबलं आणि पुढे निघालं.

तेवढ्यात बाहेरचं दार वाजलं.

"बाबा? नंबर सात मिळाला!"

"आत येऊ नकोस!"

"कोण आहे आत?"

"मी आहे!"

"मग येतच नाहीये ना मी. ओरडताय कशाला?"

"वाचव!"

"बाबा, येऊ की नको येऊ?"

"मेन स्विच बंद कर! मेन! चप्पल घालून! कोरड्या हाताने! आणि पळू नकोस!"

तिला पळू नकोस असं ते जन्मात पहिल्यांदा म्हणाले असतील. ती पळाली. खट्ट आवाज झाला, स्वयंपाकघरातल्या फ्रिजची घरघर थांबली. पाणी पाचव्या फरशीवर होतं. तपासनिसांच्या डोळ्यांतून पाणी आलं. निदान तेवढं तरी गरम होतं.

"आता सांगा, काय झालंय?" लेक दाराशी येऊन म्हणाली.

"मी ड्रममध्ये अडकलोय."

"माझ्या ड्रममध्ये?"

"तपासत होतो."

"किती वेळ झाला?"

"कागदावर एक मिनिट आहे."

"आणि तुम्हाला?"

"सोळा."

"बाबा!" आता तिचा आवाज बदलला. "पाय हलवून बघा. बोटं जाणवतायत का?"

"कुणाची?"

"मी दाराला लाथ मारते. बाजूला व्हा."

"बाजूला कुठे होऊ? आणि पाय लावशील तर याद राख! उद्या शर्यत आहे त्या पायाची!"

"मग खांद्याने ढकलते."

"खांदा नको! हात हलवल्याशिवाय धावता येतं का?"

"सुतारकाकांना बोलावू?"

"त्यांना नको. ड्रम त्यांचा आहे."

"म्हणजे पाय नको, खांदा नको, काका नको. उद्या आठ वाजता तुम्हाला तिथेच ठेवून जाऊ का मी?" ती रडकुंडीला आली होती आणि ते ऐकून तपासनीस जास्त घाबरले, कारण रडल्याने दम कमी होतो असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं.

तेवढ्यात बायको आली. तिने लेकीचं अर्धं बोलणं ऐकलं, पिशवीतून लांब पात्याची कात्री काढली, फटीतून सारली आणि कडी वर उचलून दार उघडलं.

"अहो," ती म्हणाली, "तुमची कंबर बेचाळीस आहे. गेल्याच महिन्यात पँट उसवून दिलीये मी. या ड्रमकडे बघून माझ्या मशीनलासुद्धा कळलं असतं."

मग तिला त्यांचे ओठ दिसले. ते निळे पडले होते, ड्रमच्याच रंगावर चालले होते. बायकोचा चेहरा एकदम उतरला. तिने पुढे येऊन त्यांच्या गालाला हात लावला. "बोला काहीतरी," ती म्हणाली. "गप्प राहू नका. काहीही बोला."

"रॉडला हात लावू नकोस," तपासनीस म्हणाले. दात वाजत असल्यामुळे या वाक्याला बराच वेळ लागला.

बायकोने दाराशीच रॉडचा प्लग उपटला आणि बोर्ड उचलून पॅसेजमध्ये ठेवला. टबातलं ऊन पाणी तांब्याने ड्रममध्ये ओतलं, बर्फाचे तुकडे दोन्ही हातांनी उपसून बाहेर फेकले. लेक ड्रम उचलायला वाकली तसे तपासनीस किंचाळले, "पाठ! तिची पाठ!" दोघी मायलेकींनी एकमेकींकडे बघितलं. लेक गुपचूप गेली आणि सुतारकाकांना करवतीसकट घेऊन आली.

सुतारकाका मितभाषी माणूस. त्यांनी ड्रमभोवती एक चक्कर मारली, तपासनिसांकडे बघितलं, परत ड्रमकडे बघितलं. "माझा ड्रम होता हो," एवढंच म्हणाले. होता, असं.

"थांबा, खूण करून देते," बायको म्हणाली आणि तिने कापड बेतायचा खडू काढला. ड्रम पुसून वरून खाली सरळ रेघ ओढली. मग दुसऱ्या बाजूला. "इथून कापा. आत दीड इंच सोडलंय."

"कुठून दीड इंच?" तपासनिसांनी विचारलं.

"तुमच्यापासून."

"नक्की दीड ना? टेपने मोज. परत मोज."

"जास्त बोललात तर मार्जिन कमी करीन."

करवत चालायला लागली. तपासनिसांनी डोळे घट्ट मिटले. कुर्र कुर्र असा तो आवाज पाठीपासून किती लांब आहे ते त्यांना कळेना, कारण पाठ कुठे आहे हेच कळत नव्हतं. "काका, प्लॅस्टिक लागतंय ना? प्लॅस्टिकच लागतंय ना?" ते दर दोन मिनिटांनी विचारत होते.

"अजून तरी," सुतारकाका म्हणाले.

आणि बाहेर पॅसेजमध्ये लेकीला हसू फुटलं. आधी नाकातून, मग तोंडातून, मग ती भिंतीला टेकून खाली बसली आणि पोट धरून हसायला लागली. तीन दिवसांत पहिल्यांदा.

"हसू नकोस!" तपासनीस ड्रममधून ओरडले. "पोटाचे स्नायू ताणले जातील!"

यावर ती आडवीच झाली.

ड्रमचे दोन तुकडे झाले, पाणी एकदम जाळीतून निघून गेलं आणि तपासनीस जसे आत होते तसेच, गुडघे छातीशी धरून, फरशीवर कलंडले. त्यांना उलगडायला आणखी दहा मिनिटं लागली. सुतारकाकांनी जाता जाता पॅसेजमधला एक्स्टेन्शन बोर्ड उचलून बघितला. "बटण बंदच आहे हो याचं," ते म्हणाले. चालू, बंद, चालू, बंद करताना तपासनिसांची खात्री बंदवर पटली होती.

संध्याकाळी तीन पांघरुणांखाली तपासनीस थरथरत पडले होते. आता ही थरथर पाण्याची नव्हती. ड्रमचे दोन तुकडे झाले होते, बर्फ संपला होता आणि लेकीचा उपाय राहून गेला होता. उद्या पोटरीत गोळा आला तर तो यांच्यामुळे. शिबिर गेलं तर यांच्यामुळे. पलीकडच्या खोलीत लेक दोनदा वाढून घेऊन जेवली, मध्येच "अजून तरी" असं म्हणून फिसकन हसली आणि आडवी पडताच झोपली. त्यांना मात्र रात्रभर प्रत्येक कुशीवर तेच वळण दिसत होतं.

सकाळी मैदानावर ते लाकडी माणसासारखे चालत पोचले. गुडघे वाकायला तयार नव्हते. शर्यत बघायची हिंमत तर त्यांच्यात नव्हतीच. ते प्रेक्षकांच्या पायऱ्यांमागे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि बायको वरून त्यांना सांगत होती.

"सुटल्या."

"कितवी आहे?"

"चौथी."

"पोटरी?"

"पोटरी इथून दिसत नाही हो."

पहिली फेरी संपल्याची घंटा झाली. तपासनिसांनी भिंतीवरच्या एका पोपडी निघालेल्या जागेवर बोट ठेवलं आणि ते हलवलं नाही. बोट हलवलं तर तिकडे काहीतरी होईल असं त्यांना वाटत होतं.

"तिसरी," बायको म्हणाली. मग ती बोलायचीच थांबली.

"काय झालं? गोळा आला का? अगं बोल ना! वळण आलं का?"

बायको बोलली नाही, ओरडली. काय ओरडली ते कळलं नाही. सगळ्या पायऱ्या दणादणा वाजायला लागल्या. तपासनिसांनी डोळे मिटले. वरून बायको उतरत आली, तिने त्यांचा खांदा धरून त्यांना भिंतीपासून फिरवलं आणि रडत रडत म्हणाली, "दुसरी! अहो, दुसरी आली! वळणावर पुढे गेली!"

तपासनिसांना उडी मारावीशी वाटली. गुडघ्यांनी परवानगी दिली नाही. तेव्हा ते होते तिथेच उभे राहून ओक्साबोक्शी रडले. इतका आनंद त्यांना लेक जन्मली त्या दिवशीही झाला नसेल, कारण त्या दिवशीही ते घाबरलेलेच होते.

मैदानाच्या कडेला सर भेटले. शेजारी लेक घामाने डबडबलेली, कान लाल झालेली, हसत उभी होती. सरांनी हात पुढे केला आणि तपासनिसांनी तो हात धरूनच आपला गुन्हा कबूल केला. "सर, चूक झाली. काल तिला गरम-थंड पाण्याचा उपाय करता आला नाही. माझ्यामुळे राहिला."

"बरं झालं की," सर म्हणाले. "नाहीतरी करायचा नव्हताच. कागदाच्या मागे लिहिलं होतं ना."

"मागे?"

सरांनी फायलीतून तसाच एक कागद काढला आणि उलटा केला. मागच्या बाजूला ठळक अक्षरांत छापलं होतं की शर्यतीच्या आदल्या दिवशी हा उपाय पहिल्यांदा करून बघू नये. त्याखाली, की घरी करताना दोन बादल्या पुरेत आणि पाय गुडघ्यापर्यंत बुडले तरी चालेल. सर्वांत खाली, की विजेची उपकरणं पाण्याजवळ ठेवू नयेत.

लेक आकाशाकडे बघत होती. बायकोने पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलायला लागले. सत्तावीस वर्षांत परत केलेले सगळे अर्जदार आपल्याभोवती रांगेने उभे आहेत असं तपासनिसांना वाटलं.

"बरं, हा शिबिराचा अर्ज," सर म्हणाले. "पालकांनी भरायचा. आत्ताच लागतो. अकरा वाजता यादी जाणार, अपुरा अर्ज घेत नाहीत."

हे मात्र तपासनिसांच्या हातचं काम होतं. त्यांनी खिशातून पेन काढलं. अक्षर वळणदार येत होतं. मुलीची जन्मतारीख, उंची, पत्ता. आणि मग, आयुष्यात एकदा जे राहिलं ते परत राहू नये म्हणून त्यांनी अर्ज उलटला. उजेडात धरून बघितला. तिरका करून बघितला. पुसट छपाई असू शकते, म्हणून अंगठा फिरवून बघितला. लेकीला दाखवला, बायकोला दाखवला. मागे काही नव्हतं. अगदी काहीही नव्हतं. तेव्हा कुठे त्यांची छाती पुढे आली आणि त्यांनी अर्ज सरांच्या हातात दिला.

"मागची बाजू नीट तपासलीये सर," ते म्हणाले. "पूर्ण कोरी आहे."

"हो," सर म्हणाले आणि त्यांनी अर्ज सुलटा करून परत त्यांच्यापुढे धरला. "पुढच्या बाजूला सही राहिलीये."